तीस दिवसांच्या माघारीला १३८ दिवस : १९७२ च्या सैन्यवापसीचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यात १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : रणात कमावलं ते तहात घालवलं. घरटी माणूस फौजेत धाडणारी अपशिंग्यासारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हा राग समजण्यासारखा आहे. पण त्या वाक्यानं चर्चा सुरू होण्याऐवजी तिथेच संपते. एनडीए, सीडीएस आणि राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वर्गासाठी केलेल्या या टिपणात त्या युद्धात भारतानं घेतलेला मुलूख १९७२ च्या सिमला करारानं पाकिस्तानला परत द्यायला हवा होता की नको, हा वाद आम्ही बाजूला ठेवला आहे. परत द्यायचं ठरल्यावर सैन्य प्रत्यक्षात कसं मागे येतं, काम कुठे अडतं आणि मागे काय उरतं, एवढंच इथे पाहायचं आहे. आमचं म्हणणं असं की करारातली तारीख हा सगळ्यात सोपा भाग असतो. मागे यायचं ते नेमकं कुठवर, हे ठरवताना माघार अडते. आणि तिथल्या माणसांचं काय, हे ठरवलेलं नसलं तर ती पुढे पिढ्यान् पिढ्या निस्तरावी लागते.

काय परत करायचं होतं

पश्चिम आघाडी ३ डिसेंबर १९७१ ला पेटली आणि १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता थंडावली. जो जिथे होता तो तिथेच थांबला. आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडचा सुमारे ५,१३९ चौरस मैल मुलूख, म्हणजे साधारण १३,३०० चौरस किलोमीटर, त्या वेळी भारताच्या ताब्यात होता. अख्ख्या सातारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर आणि सांगलीचं ८,५७२. यावरून अंदाज यावा. पाकिस्तानच्या हाती आपल्या बाजूचा सुमारे ६९ चौरस मैल होता.

या आकड्यानं मात्र हुरळून जाऊ नये. त्यातला बहुतेक भाग सिंधमधल्या थरपारकरची वाळू. लेफ्टनंट कर्नल सवाई भवानी सिंग यांच्या हाताखाली १० पॅरा कमांडोच्या तुकड्या जीपगाड्यांतून आत घुसल्या आणि त्यांनी छाछरो घेतलं. पुढे नगरपारकरही हाती आलं. ११ इन्फंट्री डिव्हिजन नया छोरच्या दिशेनं सरकत गेली आणि तिथे अडली. नया छोरच्या पुढे हिरवा पट्टा लागतो, अलीकडे नुसती रेती. पाणी, डिझेल, दारूगोळा सगळं मागून आणायचं, म्हणून मुनाबाव आणि खोखरापारमधला तुटका लोहमार्ग जोडून गाड्या चालवाव्या लागल्या. ताब्यातला मुलूख जेवढा लांब, तेवढं तो राखणं महाग, हे थरमध्ये पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

शकरगढचा फुगवटा, म्हणजे पाकिस्तानी पंजाबचा भारताकडे पुढे आलेला भाग, आकारानं याच्यापेक्षा कितीतरी लहान, पण तिथली जमीन पिकाऊ आणि जागा नाक्याची. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता त्याच्या टप्प्यात येतो. बसंतर नदीवरची १५ ते १७ डिसेंबरची लढाई इथलीच. त्या पट्ट्यातली शेकडो गावं भारताच्या ताब्यात आली आणि तिथले लोक पाकिस्तानात आतल्या बाजूला पळाले. बाकी रावी-सतलजच्या काठांवरचे लहानसहान तुकडे. त्यातला आपल्याकडून गेलेला एक तुकडा मराठी माणसानं विसरू नये असा आहे : हुसैनीवाला. भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर खेडच्या शिवराम राजगुरूंची समाधी तिथे आहे. ती जागा या माघारीत परत मिळाली आणि १९७३ मध्ये स्मारक पुन्हा उभं राहिलं.

जम्मू-काश्मीरमधला हिशोब वेगळा होता. तिथे पाकिस्तानकडे मनावर तवीच्या पश्चिमेचा छंब होता, आपल्याकडे लडाखच्या टोकाचा तुर्तुक आणि आजूबाजूची गावं. यातलं काहीच परत जाणार नव्हतं. का, ते कराराच्या कलमात आहे.

कलम चार

सिमला करारावर २ जुलै १९७२ ही तारीख आहे. प्रत्यक्ष सह्या मध्यरात्र उलटल्यावर झाल्या. माघारीचं सगळं चौथ्या कलमात आहे आणि त्याची तीन पोटकलमं आहेत. पहिलं : दोन्ही सैन्यं आंतरराष्ट्रीय सीमेच्या आपापल्या बाजूला जातील. दुसरं : जम्मू-काश्मीरमध्ये १७ डिसेंबर १९७१ च्या शस्त्रसंधीतून तयार झालेली नियंत्रण रेषा दोघंही पाळतील, आणि त्यानं कुणाच्याही मूळ दाव्याला बाध येणार नाही. तिसरं : करार अमलात आल्यावर माघार सुरू होईल आणि ३० दिवसांत पुरी होईल.

‘अमलात आल्यावर’ याकडे लक्ष द्या. सही झाली की करार लागू होत नाही. दोन्ही सरकारांनी मंजुरी देऊन तसे कागद एकमेकांना द्यावे लागतात. वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहिलेल्यांना हे नवं वाटू नये. मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह १७ मे १७८२ ला ठरला, पण नानांनी शिक्कामोर्तब महिनोन् महिने लांबवलं आणि डिसेंबरात म्हैसूरचा हैदर अली वारल्यावरच ते काम पुरं होऊ दिलं. मधला काळ हेच त्यांचं हत्यार होतं. १९७२ मध्ये एवढी ओढाताण झाली नाही. पाकिस्तानच्या संसदेनं जुलैच्या मध्याला मंजुरी दिली, भारतानंही दिली, आणि ४ ऑगस्ट १९७२ पासून करार लागू झाला. तिथून ३० दिवस मोजले तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम आटपायला हवं होतं. ते संपलं २० डिसेंबरला, १३८ व्या दिवशी.

दीड चौरस मैलानं अडवलेला मुलूख

पोटकलम एक आंतरराष्ट्रीय सीमेसाठी, पोटकलम दोन नियंत्रण रेषेसाठी. कागदावर ही विभागणी स्वच्छ आहे. जमिनीवर मात्र एक पट्टा असा निघाला की तो यातल्या कुठल्या पोटकलमात बसतो यावरच एकमत नव्हतं. जम्मूच्या दक्षिणेला, सियालकोटच्या समोरची ही हद्द. भारत म्हणतो, जुनं जम्मू-काश्मीर संस्थान आणि सियालकोट जिल्हा यांच्यातली ही आखलेली हद्द आहे, म्हणून ती आंतरराष्ट्रीय सीमा. पाकिस्तान म्हणतो, एका बाजूला जम्मू-काश्मीर आहे, म्हणजे प्रश्न सुटलेला नाही, म्हणजे ही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे.

याच पट्ट्यात ठाकोचक नावाचं गाव, सुमारे दीड चौरस मैलांचं, पाकिस्तानच्या ताब्यात होतं. पोटकलम एक लावलं तर ते सोडावं लागतं, दोन लावलं तर राखता येतं. भारतानं भूमिका घेतली की आधी काश्मीरमधली रेषा पक्की होऊ दे, मग एकदमच सगळीकडून माघार. त्यामुळे दीड चौरस मैलांपायी पाच हजारांहून जास्त चौरस मैलांची माघार तुंबून राहिली.

वरवर हा हट्ट वाटतो, पण तसा तो नव्हता. ठाकोचकवर मान तुकवली असती तर तो सगळा पट्टाच नियंत्रण रेषेच्या खात्यात गेला असता. लहान जागेवर मोठं तत्त्व टांगलेलं असलं की ती जागा लहान राहत नाही. आमच्या मते खरी चूक कराराच्या मसुद्यातली आहे : एक रेषा कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे दोन ओळींत लिहिलेलं नव्हतं. ज्यांना पुढे मसुदे लिहायचे आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं. सांधा जिथे असतो, भांडण तिथेच निघतं.

सेनाधिकाऱ्यांच्या बैठका १० ऑगस्टपासून सुचेतगढ आणि वाघा इथे सुरू झाल्या. भारताकडून लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंग भगत, पाकिस्तानकडून लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान. भगत मूळचे सॅपर, म्हणजे सुरुंग, पूल आणि वाटा यांचं काम करणारे सैन्यातले अभियंते, बॉम्बे सॅपर्सशी नातं असलेले. म्हणजे खडकीला ट्रेनिंग झालेल्या आपल्याकडच्या मंडळींच्या घरचेच. १९४१ मध्ये इथिओपियात चार दिवस तुकडीच्या पुढे राहून, ५५ मैलांच्या वाटेवरचे पंधरा सुरुंगपट्टे त्यांनी शोधून साफ करवले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्यासाठी. रेषा आखायला सुरुंग उचललेला माणूस बसला, हा योगायोग असेल, पण चांगला योगायोग.

ठाकोचकची गाठ या पातळीवर सुटली नाही. शेवटी सेनाप्रमुख माणेकशॉ लाहोरला जाऊन पाकिस्तानचे सेनाप्रमुख टिक्का खान यांना दोनदा भेटले, नोव्हेंबरच्या अखेरीला आणि ७ डिसेंबरला. दुसऱ्या भेटीत तोड निघाली : पाकिस्ताननं ठाकोचक सोडायचं, भारतानं नियंत्रण रेषेवर दुसरीकडे थोडी जागा द्यायची. मग चारच दिवसांत, ११ डिसेंबरला, सुचेतगढला नकाशांवर सह्या झाल्या.

नकाशाचं काम

बातम्यांमध्ये हा भाग एका वाक्यात उरकतात. खरी मेहनत इथे आहे.

छंबच्या दक्षिणेला संगमपासून उत्तरेला तुर्तुकपर्यंत आणि पुढे एनजे ९८४२ या नकाशावरच्या बिंदूपर्यंत रेषा आखायची होती. लांबी सातशे किलोमीटरच्या वर. त्यासाठी नकाशांच्या २७ शीट वापरल्या आणि त्या जोडून १९ जोडनकाशे केले. अशा संचांवर रेषा काढून प्रत्येक जोडनकाशावर दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी सही केली आणि संचांची अदलाबदल झाली. एकच सही शेवटच्या पानावर करून भागत नाही, कारण उद्या वाद येतो तो एखाद्या शीटवरच्या एखाद्या नाल्याचा.

शीट जोडाव्या का लागतात, हे साताऱ्यात बसून चांगलं कळतं. ७४ अंश रेखावृत्त शहरातूनच जातं. त्यामुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात शहराचा पश्चिम भाग ४७ जी/१४ या शीटवर येतो आणि पूर्व भाग ४७ के/२ वर. शहराच्या मधून जाणारा कुठलाही रस्ता एका शीटच्या कडेला संपतो आणि दुसरीवर सुरू होतो. कागद आकसतो, कड कापताना केसभर इकडेतिकडे होतं, आणि दोन शीट वेगवेगळ्या वर्षांच्या पाहणीवर काढलेल्या असल्या तर ओढा सांध्यावर चक्क सरकलेला दिसतो. साध्या प्रवासाला याचं काही बिघडत नाही. हद्द आखायला बिघडतं.

रेषेची जाडी हा दुसरा घोळ. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. बारीक टोकाच्या पेन्सिलीनं अर्ध्या मिलिमीटरची रेघ मारली तरी ती २५ मीटर रुंद झाली. डोंगराच्या धारेवर २५ मीटरात चौकी या बाजूला की त्या बाजूला, हे ठरतं. म्हणून नुसत्या रेघेवर न विसंबता शब्दांतलं वर्णनही लागतं : अमुक उंचीच्या शिखरावरून धारेनं तमुक खिंडीपर्यंत, तिथून नाल्यानं खाली. नकाशा आणि वर्णन जुळलं नाही तर कोणतं ग्राह्य, हे आधीच ठरवून घ्यावं.

तिसरी अडचण तारखेची. रेषा १७ डिसेंबर १९७१ ची; आखणी पुढच्या वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर. मधल्या आठ ते बारा महिन्यांत चौक्या जागच्या जागी राहत नाहीत. बर्फामुळे एखादी खाली उतरते, दुसरी गुपचूप पुढच्या टेकाडावर चढते. मग प्रत्येक ठिकाणी दोन दावे. पुरावा म्हणून युद्धकाळातल्या नोंदी, वायरलेसवरचे निरोप, तुकडीची डायरी. ज्या कंपनी कमांडरनं १७ तारखेच्या रात्री आपल्या जागेचा ग्रिड क्रमांक नीट लिहून ठेवला, त्याची जागा टिकण्याची शक्यता जास्त.

आणि ही रेषा कागदावर आखली गेली. पंजाब-राजस्थानच्या सीमेसारखे तिच्यावर खांब रोवले नाहीत. एनजे ९८४२ च्या पुढे तर ती आखलीच नाही, कारण त्या हिमनद्यांमध्ये कुणाचीही फौज नव्हती. १३ एप्रिल १९८४ ला सियाचीनची मोहीम सुरू झाली ती या न आखलेल्या भागात.

जागा रिकामी करणं

रेषा ठरल्यावर ट्रक भरून निघायचं, असं काही नसतं. आंतरराष्ट्रीय सीमेवर अशा माघारीचा क्रम साधारण ठरलेला आहे. आधी एक लहान तुकडी मागची जागा पाहून येते : पाणी, वाट, राहुटीची जागा. मग जड सामान मागे जातं, दारूगोळा सगळ्यांत आधी. बंकरच्या छताचे पत्रे, लाकडी स्लीपर, काटेरी तारेची बंडलं, लोखंडी पिकेट हे काढून नेतात, कारण मागे गेल्यावर त्याच वस्तू परत लागणार असतात. पूल किंवा पाणवठा उडवण्यासाठी लावलेले स्फोटक उतरवून घेतात आणि तसं लिहून घेतात. त्यानंतर माणसं विरळ करत आणतात. शेवटी पाठीमागची एक तुकडी उरते. ठरलेल्या दिवशी पांढरी निशाणं घेऊन दोन्ही बाजूंचे स्थानिक अधिकारी भेटतात, जागा फिरून पाहतात, सही होते, आणि मागची तुकडी निघते. सीमेवर पुढे राहतं ते सीमा सुरक्षा दल, समोर पाकिस्तानचे रेंजर्स. सैन्य मागे गेलं पण सीमा दल वेळेवर पोहोचलं नाही तर मधली रात्र चोरांची. दारं-खिडक्या, विहिरीवरचे पंप त्या एका रात्रीत जातात, आणि आळ येतो निघून गेलेल्या सैन्यावर.

वेळेचाही मुद्दा आहे. ऑगस्टमध्ये रावी, बसंतर, तवी दुथडी असतात. त्या ३० दिवसांत सगळं उरकायचं ठरवलं असतं तर जड वाहनं पाण्यातून आणि चिखलातून काढावी लागली असती. डिसेंबर सैन्याला सोयीचा. शेतकऱ्याला मात्र नाही. शकरगढच्या माणसाची १९७१ च्या अखेरची गव्हाची पेरणी युद्धात गेली, १९७२ चा खरीप ताब्यात गेला, आणि तो परतला तेव्हा दुसऱ्या गव्हाचा पेरा टळून चालला होता.

सुरुंग

माघारीत सगळ्यात जास्त माणसं मारणारी गोष्ट ही. शकरगढमध्ये दोन्ही बाजूंनी भरपूर सुरुंग पेरले होते. बसंतरवर रणगाड्यांना वाट करून देताना सॅपर्सना गोळीबारात सुरुंगपट्टा फोडावा लागला होता.

प्रत्येक सुरुंगपट्ट्याचा एक नोंदकागद असतो. त्यावर पक्की खूण (पुलाचा कठडा, देवळाचा कोपरा, मैलाचा दगड), तिथून होकायंत्राचा कोन आणि मीटरमध्ये अंतर, ओळी किती, ओळीत किती, सुरुंग कोणत्या जातीचे, आपल्यासाठी ठेवलेली मोकळी वाट कुठली, तारीख, सही. हा कागद ज्याच्याकडे आहे त्याला काम दिवसांचं, नाही त्याला वर्षांचं. उचलताना मोजदाद जुळली पाहिजे : पेरले ३००, उचलले २८७, तर उरलेल्या १३ चा हिशोब लागेपर्यंत ते शेत मोकळं झालं असं लिहून द्यायचं नाही. आणि हिशोब जुळत नाही तोच नेहमीचा अनुभव, कारण काही तोफेच्या माऱ्यात उडालेले असतात, काहींवर गुरं गेलेली असतात, आणि त्याची नोंद कुणी केलेली नसते.

खुणा हरवतात. देऊळ पडतं, झाड सरपणाला जातं. नोंद करणारी तुकडी बदलून जाते आणि कागद जुन्या तुकडीच्या पेटीत राहतो. नदीकाठी पूर येऊन सुरुंग वाहून जातात आणि जिथे कधीच पेरले नव्हते अशा शेतात निघतात. वाळवंटात याच्या उलट : वाळू चढते. सुरुंग पुरला तेव्हा बोटभर खाली होता, वर टेकाड सरकलं की तो हातभर खाली जातो. मग सुरुंग शोधणाऱ्या यंत्राला तो ऐकू येत नाही आणि पाय पडला तरी उडत नाही. लोक म्हणतात साफ झालं. दोन-चार वर्षांनी वारा फिरतो, टेकाड पुढे सरकतं आणि सुरुंग पुन्हा वर येतो.

हातानं उचलायची रीत सगळीकडे जवळपास सारखी आहे. फितीनं एक मीटर रुंदीची पट्टी आखायची. यंत्र जमिनीलगत फिरवायचं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवून. आवाज आला की पोटावर पडून सळई तिरकी, साधारण ३० अंशांत, खुपसायची. उभी खुपसली तर टोक सुरुंगाच्या माथ्यावर, म्हणजे नेमकं दाब घेणाऱ्या जागी बसतं. तिरकी सळई त्याच्या कुशीला लागते. मग बाजूनं माती काढायची, वरून नाही. दिसला की शक्यतो जागेवरच उडवायचा. खाली दुसरा सापळा असू शकतो. रणभूमीवर लोखंडाच्या कपच्या इतक्या असतात की यंत्र दिवसभर ओरडतं, आणि शंभरातले नव्वदहून जास्त आवाज फुकटचे निघतात. कंटाळा तिथेच येतो, आणि अपघातही त्याच वेळी होतो.

एम-१४ जातीचा सुरुंग हे या कामातलं मोठं दुखणं. प्लॅस्टिकचा, व्यास साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, वजन शंभरेक ग्रॅम, आत २९ ग्रॅम स्फोटक. माणूस मरत नाही, पाऊल जातं. धातू इतका कमी की यंत्राला सापडेना. म्हणून पारंपरिक शस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराला जोडलेल्या सुरुंगांविषयीच्या १९९६ च्या सुधारित शिष्टाचारात (प्रोटोकॉल) अट घातली गेली की माणसासाठी पेरलेल्या प्रत्येक सुरुंगात किमान आठ ग्रॅम लोखंडाइतका आवाज यंत्राला मिळाला पाहिजे. पेरल्याची नोंद ठेवणं, कुंपण घालणं आणि जिथला ताबा सोडला तिथल्या साफसफाईला मदत करणं हेही त्यात आहे. भारत आणि पाकिस्तान दोघंही या शिष्टाचारात आहेत. सुरुंगांवर सरसकट बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात दोघंही नाहीत. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रमात, म्हणजे भारतानं पाकिस्तान सीमेवर केलेल्या सैन्याच्या जमवाजमवीत, हे नियम लागू असतानाही सैन्य मागे घ्यायचा निर्णय ऑक्टोबर २००२ मध्ये झाला, पण शेतं मोकळी व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. आणि ती तर स्वतःच्याच जमिनीत, स्वतःच्याच नोंदींनुसार केलेली साफसफाई होती.

माणसं

शकरगढमध्ये माघार म्हणजे लोकांची घरवापसी. पळालेले परत आले, पडकी घरं उभी केली, विहिरी उपसल्या. थरपारकरमध्ये नेमकं उलटं झालं.

तिथे सोढा राजपूत, मेघवाल, कोळी, भील अशी मोठी हिंदू वस्ती होती. सोढ्यांच्या सोयरिकी पूर्वीपासून राजस्थान आणि कच्छमधल्या घराण्यांशी. भारतीय फौज आली, वर्षभर छाछरोचा कारभार भारतीय अधिकाऱ्यांनी पाहिला. या काळात हजारो कुटुंबं बाडमेर आणि कच्छकडे निघून आली. काही युद्धाच्या भीतीनं, काही फौज गेल्यावर आपलं काय होईल या भीतीनं. दुसरी भीती समजून घ्यायला हवी. ज्यानं वाट दाखवली, पाणी दिलं, नुसतं हसून बोलला, त्याला माघारीनंतर जाब द्यावा लागणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

सिमला करारात युद्धकैदी आणि स्थानबद्ध नागरिकांच्या परतीवर पुढे बोलू, असा उल्लेख आहे. या निर्वासितांविषयी एक शब्द नाही. भारत सरकारनं त्यांना परत जायला सांगून पाहिलं, पाकिस्ताननं सुरक्षेचं आश्वासन दिलं. बहुतेक जण गेले नाहीत. मग छावण्या, आणि वर्षानुवर्षं चाललेली नागरिकत्वाची प्रक्रिया. सोढा जमीनदार उठून आल्यामुळे पलीकडे छाछरोच्या जमिनीची आणि गावकीची मांडणीच बदलली. अलीकडे आले त्यांच्या हातात ना सातबारा, ना कुळाचा कागद. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेल्या माणसाला निदान सरकारी यादीत नाव तरी होतं. इथे यादीच नव्हती. ज्यांना प्रशासनात जायचं आहे त्यांनी या प्रकरणातून एक काम उचलावं : ताब्याच्या पहिल्याच महिन्यात कुटुंबवार नोंद. कोण, कुठला, किती जमीन, किती गुरं. माघार होवो न होवो, हा कागद लागतोच.

छंबचे लोक जम्मूकडे विस्थापित झाले आणि दुसऱ्या पोटकलमामुळे त्यांचं गाव कायमचं पलीकडे गेलं. तुर्तुकचे लोक जागेवरच राहिले, देश बदलला. पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात राहिलेले भाऊ, बायका, मुलं वेगळी पडली. तुर्तुक पर्यटकांना खुलं झालं ते २०१० मध्ये.

एक गैरसमज इथेच दूर करू. पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) पकडलेले ९३ हजार युद्धकैदी आणि ही माघार, यांची अदलाबदल झाली नाही. मुलूख डिसेंबर १९७२ मध्ये परत गेला, तेव्हा ते कैदी भारतातच होते. त्यांच्या परतीचा करार २८ ऑगस्ट १९७३ ला दिल्लीत झाला आणि शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये गेले. वर्गात उत्तर लिहिताना हे दोन धागे एकत्र गुंफले तर गुण जातात, आणि जायलाच हवेत.

वर्गात करायचं काम

४७ जी/१४ आणि ४७ के/२ या दोन शीट घ्या. कण्हेर धरणाच्या खालपासून संगम माहुलीपर्यंत वेण्णा ही हद्द आहे असं धरा. ती दोन शीटचा सांधा ओलांडून जाते. दोन तुकड्यांनी वेगवेगळी रेघ काढायची आणि प्रत्येकी एका पानात शब्दांतलं वर्णन लिहायचं. मग नकाशे काढून घेऊन फक्त वर्णनं तिसऱ्या तुकडीला द्यायची आणि तिला सांध्याच्या दोन्ही बाजूंचा एक-एक किलोमीटर प्रत्यक्ष चालायला लावायचा. हद्द नदीच्या मधून की काठानं, काठ असेल तर डावा की उजवा, आणि तो मे महिन्यातला की ऑगस्टमधला, हे ज्या पानावर लिहिलेलं नसेल त्या पानाच्या तुकडीनं वर्णन पुन्हा लिहायचं.